चांदीचा झाडू आणि रिकामी वीस वर्षे

विजेत्यांची यादी हा इतिहासलेखनाचा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत फसवा प्रकार आहे. डावीकडे साल, उजवीकडे नाव, आणि दोहोंच्या मध्ये काहीही दडलेले नाही असा तिचा आविर्भाव असतो. वाङ्मयेतिहास शिकविणाऱ्या आम्हां मंडळींना हा आविर्भाव चांगलाच परिचयाचा आहे. कवींच्या कालानुक्रमाचा तक्ता फळ्यावर लिहिताना त्यात कोण आले हे सांगणे सोपे असते. कोण आले नाही आणि का आले नाही, हे विचारू लागलो की तास संपतो, प्रश्न संपत नाही. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न आम्ही एका दूरच्या आणि बहुतेक मराठी वाचकांना अनोळखी असलेल्या यादीला विचारणार आहोत. ती यादी आहे कर्लिंग या बर्फावरील खेळाच्या जागतिक अजिंक्यपदाची.

या यादीचे दोन रकाने आहेत, एक पुरुषांच्या संघांचा व दुसरा स्त्रियांच्या संघांचा. पहिला रकाना १९५९ पासून सुरू होतो, दुसरा १९७९ पासून. मधली वीस वर्षे दुसऱ्या रकान्यात काहीच नाही. या वीस वर्षांत स्त्रिया कर्लिंग खेळत नव्हत्या काय? खेळत होत्या, आणि अतिशय उत्तम खेळत होत्या. मग ही रिकामी जागा कशाची साक्ष देते? या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर यादी बाजूला ठेवून आधी खेळाकडे जावे लागते.

१

कर्लिंगचा पट म्हणजे सुमारे दीडशे फूट लांब आणि साधारण सोळा फूट रुंद अशी बर्फाची पट्टी. तिच्या दोन्ही टोकांना एकात एक वर्तुळे रंगविलेली असतात; सर्वांत बाहेरच्या वर्तुळाचा व्यास बारा फूट. या वर्तुळसमूहाला 'हाउस', म्हणजे घर, असे नाव आहे. प्रत्येक संघात चार खेळाडू असतात व प्रत्येक जण दोन दगड सोडतो. दोन्ही संघांचे मिळून सोळा दगड सोडून झाले की एक डाव पुरा होतो. जागतिक स्पर्धेतील सामना अशा दहा डावांचा असतो. घराच्या मध्यबिंदूच्या सर्वांत जवळ ज्या संघाचा दगड थांबला असेल, त्याच संघाला त्या डावात गुण मिळतात. प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत जवळच्या दगडाहून आत आपले जितके दगड, तितके गुण. लहानपणी गोट्या खेळलेल्या वाचकाला हे तत्त्व समजावून सांगण्याची गरज नाही. प्रतिस्पर्ध्याची गोटी उडवायची की आपली गोटी आडोशाला ठेवायची, हा पेच दोन्हीकडे एकच आहे.

फरक वजनाचा आहे. येथील दगड ग्रॅनाइटचा असतो आणि त्याचे वजन ३८ ते ४४ पौंड, म्हणजे सतरा ते वीस किलोच्या घरात भरते. स्कॉटलंडच्या किनाऱ्यापासून थोडे दूर समुद्रात उभ्या असलेल्या आयल्सा क्रेग या छोट्या बेटावरचा ग्रॅनाइट त्यासाठी विशेष नावाजलेला आहे. बर्फ गुळगुळीत ठेवत नाहीत. त्यावर पाण्याचे बारीक थेंब शिंपडून ते गोठवितात, आणि त्या खरखरीत दाण्यांवरून दगड पुढे सरकतो. सोडताना मुठीला किंचित पीळ दिला की दगड वाटेत हळूहळू वळतो. दगड हातातून सुटल्यावर त्याच्यापुढे दोन खेळाडू झाडूने बर्फ घासत धावतात. त्यामुळे घर्षण कमी होते, दगड अधिक लांब जातो व कमी वळतो. सोडणाऱ्याचा हात सुटल्यावरही दगडाचे भवितव्य सहकाऱ्यांच्या हाती उरते, हे या खेळाचे खास वैशिष्ट्य.

दुसरे वैशिष्ट्य नैतिक स्वरूपाचे आहे, आणि आमच्या विवेचनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे. सरकत्या दगडाला आपल्या संघातील कोणाचा झाडू किंवा पाय चुकून लागला, तर ते आपणच तत्काळ सांगायचे, असा येथील दंडक आहे. गुणांचा निर्णय बहुतेक वेळा दोन्ही संघांचे खेळाडू घरात वाकून आपसांत करतात. डोळ्यांना फरक कळेनासा झाला तरच मोजमापासाठी पंचाला बोलावतात. अन्यायाने जिंकण्यापेक्षा हरणे बरे, आणि प्रतिस्पर्ध्याचा पाणउतारा करण्यासाठी कधीही खेळू नये, अशी भावना नियमपुस्तकाच्या आरंभीच नोंदविलेली आहे. थोडक्यात, हा खेळ शब्दावर चालतो. शब्दावर चालणाऱ्या प्रत्येक व्यवहारात 'शब्द कोणाचा?' हा प्रश्न मात्र उरतोच.

२

कर्लिंगचा सर्वांत जुना लेखी पुरावा हा खरोखरच शब्दाचा पुरावा आहे. १५४१ च्या फेब्रुवारीत पेझली येथील जॉन मॅक्विन नावाच्या नोटरीने आपल्या दप्तरात लॅटिनमध्ये एक नोंद केली. पेझली मठातील जॉन स्क्लेटर नावाच्या भिक्षूने बर्फावर तीन वेळा दगड टाकून पाहिला आणि ठरल्याप्रमाणे स्पर्धेस आपण तयार असल्याचे मठाधिपतीचा प्रतिनिधी गॅव्हिन हॅमिल्टन याला कळविले, असा तिचा आशय. कोण जिंकले हे त्या नोंदीत नाही. आव्हान दिले गेले व स्वीकारले गेले, एवढीच गोष्ट कायद्याच्या साक्षीने लिहून ठेवावीशी वाटली. याहून जुना पुरावा आहे तो अक्षरशः दगडाचा: डनब्लेन येथील तळे आटविताना सापडलेला, १५११ हे साल कोरलेला दगड आज स्टर्लिंगच्या संग्रहालयात आहे.

साहित्यात हा खेळ शिरतो तो शोकगीताचा हात धरून, हे आमच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पर्थ येथील हेन्री अ‍ॅडमसन याचे 'द म्यूझेस थ्रेनोडी' हे काव्य १६३८ साली छापले गेले. दिवंगत मित्राचे स्मरण हा त्याचा विषय, आणि त्या स्मरणाच्या सामग्रीत कर्लिंगचे दगड आहेत. पुढे अठराव्या शतकात रॉबर्ट बर्न्सने टॅम सॅमसन या आपल्या किल्मार्नकच्या मित्रावर विलापिका रचली. गंमत अशी की मित्र त्या वेळी चांगला हयात होता. या थट्टेच्या विलापिकेतही गोठलेली तळी आणि तिकडे लोटणारे कर्लिंगपटू येतात. दोन्ही काव्यांत दगड हे पुरुषांच्या परस्परमैत्रीचे चिन्ह आहे. हा योगायोग मानता येणार नाही. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील स्कॉटिश मंडळांत सभासद एकमेकांना बंधू म्हणत. नव्या सभासदाला 'कर्लरांच्या न्यायालया'पुढे उभे करून गुप्त शब्द आणि हस्तांदोलनाची विशिष्ट पद्धत शिकवीत. सामन्यानंतर बीफ व हिरव्या भाजीचे ठरलेले जेवण होई. जमीनदार, धर्मोपदेशक आणि शेतमजूर बर्फावर एका पातळीवर येतात, याचा या मंडळांना मोठा अभिमान होता. तो खोटा नव्हता. पण ती समता बंधूंची होती, आणि बंधुत्वाच्या व्याख्येत भगिनी बसत नव्हती.

एडिंबरोजवळच्या डडिंग्स्टन येथील मंडळाने १८०४ साली नियम लिहून काढले. २५ जुलै १८३८ रोजी एडिंबरो येथे 'ग्रँड कॅलेडोनियन कर्लिंग क्लब' स्थापन झाला, आणि पुढच्याच वर्षापासून त्याचे वार्षिक प्रसिद्ध होऊ लागले. विखुरलेल्या तळ्यांवरचा खेळ एका नियमाखाली आणि एका छापील नोंदीखाली आला तो तेव्हापासून. १८४२ साली राणी व्हिक्टोरिया स्कॉटलंडच्या दौऱ्यावर असता स्कोन येथील प्रासादात अर्ल ऑफ मॅन्सफील्ड यांनी नृत्यगृहाच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर दगड सरकवून तिला हा खेळ दाखविला. राणीने स्वतःही एक दगड टाकून पाहिला असे सांगतात. दुसऱ्या वर्षी क्लबाच्या नावात 'रॉयल' हा शब्द आला. म्हणजे या बंधुमंडळाला राजप्रतिष्ठा मिळाली ती एका स्त्रीच्या कृपेने. आणि स्त्रियांचे पहिले मंडळ या क्लबात दाखल झाले ते त्यानंतर अर्धशतकाने, १८९५ साली. फाइफ परगण्यातील 'हर्क्युलीस लेडीज' हे ते मंडळ. हा विरोधाभास कोण्या कादंबरीकाराने रचला असता तर आम्ही त्याला 'फारच उघड' म्हणून नावे ठेवली असती.

३

देशांतरास निघालेल्या स्कॉट लोकांनी आपला दगड बरोबर नेला. १८०७ साली माँट्रियल येथे मंडळ स्थापन झाले. कॅनडाच्या मैदानी प्रांतांत, जेथे हिवाळा लांब आणि शेतकऱ्याला त्या काळात शेतावर काम थोडे, तेथे हा खेळ गावोगाव रुजला. लाकडी छपराखाली गोठविलेला बर्फ ही गावची चावडी झाली. १९२७ साली पुरुषांची राष्ट्रीय स्पर्धा, 'मॅक्डोनल्ड ब्रायर', टोरांटोत सुरू झाली. त्याआधी १९२४ साली शामोनी येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये पुरुषांचे सामने झाले होते व ब्रिटनने ते जिंकले होते. मात्र त्या सामन्यांना अधिकृत ऑलिंपिक स्पर्धेचा दर्जा असल्याचे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने निःसंदिग्धपणे मान्य केले ते २००६ साली. इतिहासाच्या यादीत नाव शिरायला ब्याऐंशी वर्षे लागू शकतात, हे येथे जाता जाता नोंदवून ठेवू.

जागतिक अजिंक्यपदाचा उगम मात्र राष्ट्राभिमानात नव्हे, व्हिस्कीच्या जाहिरातीत आहे. १९५९ साली स्कॉच व्हिस्की उत्पादकांच्या संघटनेने कॅनडाचा विजेता संघ आणि स्कॉटलंडचा विजेता संघ यांच्यात पाच सामन्यांची मालिका स्कॉटलंडमध्ये भरविली. तिचे नाव 'स्कॉच कप'. सस्कॅचेवान प्रांतातील रेजायना शहराच्या रिचर्डसन संघाने स्कॉटलंडच्या विली यंग याच्या संघाला पाचही सामन्यांत हरविले. हा संघ एका घरचा होता: अर्नी आणि सॅम हे सख्खे भाऊ, आर्नल्ड आणि वेस हे त्यांचे चुलतभाऊ. १९५९, १९६०, १९६२ आणि १९६३ अशी चार वर्षे स्कॉच कप अर्नीच्या संघाने नेला. शेवटच्या खेपेस वेसच्या जागी मेल पेरी होता. बंधुत्वाची जुनी परिभाषा येथे शब्दशः खरी झाली होती.

१९६१ साली अमेरिका आली, १९६२ साली स्वीडन, १९६४ साली नॉर्वे आणि स्वित्झर्लंड. १९६५ साली अमेरिकेने कॅनडाची मक्तेदारी मोडली. १९६६ साली आंतरराष्ट्रीय संघटना जन्मली, तीही त्या जुन्या रॉयल क्लबाच्या पंखाखाली. ती स्वतंत्र झाली १९८२ मध्ये. १९६८ साली व्हिस्कीच्या जागी विमानकंपनी आली आणि स्पर्धेचे नाव 'एअर कॅनडा सिल्व्हर ब्रूम' झाले. १९८५ पर्यंत जगातील सर्वोत्कृष्ट पुरुष कर्लिंगपटू चांदीच्या झाडूसाठी झुंजत राहिले. आमच्याकडे केरसुणी कोणाच्या हातात असते आणि बक्षीस कोणाच्या हातात पडते, हे ज्याने पाहिले आहे, त्याला या चिन्हातील उपरोध समजावून सांगावा लागू नये. झाडू चांदीचा झाला तेव्हा तो बायकांच्या हाताबाहेर होता.

४

याच चांदीच्या झाडूच्या काळातील एक प्रसंग खेळाच्या शब्दनिष्ठेची परीक्षा पाहणारा ठरला. १९७२ साली जर्मनीतील गार्मिश-पार्टेनकिर्खेन येथे अंतिम सामना कॅनडा आणि अमेरिका यांच्यात चालू होता. दहाव्या डावात अमेरिका नऊ-सात अशी पुढे होती. कॅनडाच्या ऑरेस्ट मेलेशुकने शेवटचा दगड सोडला. बरोबरी साधायला दोन गुण हवे होते. दगड अमेरिकेच्या दगडावर आदळला, थोडा सरकला आणि थांबला. आपण जिंकलो असे वाटून अमेरिकन संघनायक बॉब लाबॉन्टने आनंदाने उडी मारली, पाय घसरला, आणि त्याची लाथ नेमकी कॅनडाच्या त्या दगडाला बसली. अंतर मोजायचे राहिलेच. दोन गुण कॅनडाला मिळाले, जादा डाव झाला आणि कॅनडा दहा-नऊने जिंकला. त्यानंतर १९८० पर्यंत कॅनडाचा पुरुष संघ जगज्जेता झाला नाही, आणि लोकांनी त्याला 'लाबॉन्टचा शाप' असे नाव दिले.

यादीत या सगळ्याचे एकच रूप उरते: १९७२, कॅनडा. दगड खरोखर आत होता की बाहेर, हे यादीला ठाऊक नाही. मात्र हा सामना विसरला गेला नाही. तो सांगितला गेला, पुन्हा पुन्हा सांगितला गेला, त्याची दंतकथा झाली. पुरुषांच्या यादीतल्या संशयाच्या जागाही अशा कथांनी भरून निघाल्या. ज्या सामन्यांना यादीतच जागा नव्हती, त्यांच्या कथा कोणी सांगायच्या?

५

आता पुन्हा सस्कॅचेवानकडे वळू. याच प्रांतातील, रिचर्डसन बंधूंच्याच काळातील जॉइस मॅकी ही सॅस्कटूनची खेळाडू. कॅनडात स्त्रियांचे मंडळ माँट्रियल येथे १८९४ सालीच निघाले होते. तरी देशभरातील स्त्रियांची वार्षिक राष्ट्रीय स्पर्धा उभी राहायला १९६१ साल उजाडावे लागले, म्हणजे पुरुषांनंतर चौतीस वर्षे. त्या पहिल्या स्पर्धेत मॅकीचा संघ विजयी झाला. १९६९ साली ती पुन्हा जिंकली. १९७१, १९७२ आणि १९७३ अशी सलग तीन वर्षे व्हेरा पेझर हिच्या नेतृत्वाखालील संघाने राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्या संघात पेझर, शीला रोवन, जॉइस मॅकी आणि लेनोर मॉरिसन या चौघी होत्या. मॅकीच्या खात्यावर अशी पाच राष्ट्रीय विजेतेपदे जमली.

तुलना करून पाहण्यासारखी आहे. प्रांत एक, बर्फ एक, दगडाचे वजन एक, नियम एक. रिचर्डसन बंधूंनी चार वेळा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि त्या प्रत्येक विजयानंतर ते जगज्जेते झाले, कारण राष्ट्रीय स्पर्धेच्या पुढे एक दार होते. मॅकीने पाच वेळा राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि ती राष्ट्रीय विजेतीच राहिली, कारण पुढे भिंत होती. कौशल्यातील फरकाने हा भेद घडविला नाही. शारीरिक सामर्थ्याचा मुद्दाही येथे लागू पडत नाही; स्त्रिया त्याच लांबीच्या पट्टीवर तेवढ्याच वजनाचा दगड सोडतात. स्पर्धा कोणी भरवायची, खर्च कोणी द्यायचा, आणि ज्यांना 'जग' म्हणायचे त्यांत कोणाला मोजायचे, या निर्णयांनी तो घडविला. 'जागतिक' हे विशेषण भूगोलाचे वाटते, पण ते मुळात निवडीचे असते.

युरोपने या बाबतीत अधिक सरळ वाट धरली. फ्रान्समधील मेजेव्ह येथे १९७५ साली युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा सुरू झाली ती पहिल्या दिवसापासून पुरुष व स्त्रिया अशी दोहोंची. पुरुषांत नॉर्वे आणि स्त्रियांत स्कॉटलंड असे पहिले विजेते. नव्याने लिहायच्या यादीला दोन्ही रकाने एकदम आखता येतात. जुन्या यादीला दुसरा रकाना नंतर जोडावा लागतो, आणि ती जोड कायम दिसत राहते. चार वर्षांनी, १९७९ साली, जागतिक यादीतही तो रकाना जोडला गेला. स्त्रियांची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा एका स्कॉटिश बँकेच्या आश्रयाने पर्थ येथे झाली. अ‍ॅडमसनने मित्राच्या शोकात कर्लिंगचे दगड आठविले ते याच पर्थ शहरात. अकरा देशांचे संघ आले आणि गॅबी कासानोव्हा हिच्या स्विस संघाने विजेतेपद मिळविले.

पुढच्या वर्षी, १९८० मध्ये, मार्ज मिचेलच्या संघाने स्त्रियांचे आणि रिक फोकच्या संघाने पुरुषांचे जागतिक अजिंक्यपद कॅनडाला मिळवून दिले. दोन्ही संघ सस्कॅचेवानचे होते. एकाच प्रांतातून निघालेल्या ज्या दोन वाटांपैकी एक वीस वर्षे बंद होती, त्या अखेर एकाच वर्षी एकाच मुक्कामाला पोहोचल्या.

६

उशिरा सुरू झालेल्या या दुसऱ्या रकान्याची एक गोष्ट आमच्या विशेष लक्षात आली. १९७९ ते १९८२ या पहिल्या चार वर्षांत चार निराळे देश जिंकले: स्वित्झर्लंड, कॅनडा, स्वीडन, डेन्मार्क. २०२५ पर्यंतचा हिशेब मांडला तर पुरुषांचे जागतिक अजिंक्यपद केवळ सहा देशांना मिळालेले दिसते: कॅनडा, स्कॉटलंड, स्वीडन, स्वित्झर्लंड, नॉर्वे आणि अमेरिका. स्त्रियांचे अजिंक्यपद याच सहांना आणि शिवाय डेन्मार्क, जर्मनी व चीन अशा नऊ देशांना मिळाले. वीस वर्षे उशिरा सुरू झालेली यादी अधिक रुंद आहे. चीनच्या वांग बिंगयू हिच्या संघाने २००९ साली दक्षिण कोरियातील गांगनुंग येथे मिळविलेला विजय हा आशियाचा पहिला; आशियाच्या पुरुष संघाला तो मान २०२५ पर्यंत मिळालेला नव्हता. २०१८ साली त्याच गांगनुंगमध्ये दक्षिण कोरियाच्या स्त्रियांनी आणि २०२२ साली बीजिंगमध्ये जपानच्या स्त्रियांनी ऑलिंपिकचे रौप्यपदक मिळविले.

याचा अर्थ लावताना जपून पावले टाकायला हवीत. तरी आमचे मत असे की, जेथे परंपरा दाट असते तेथे नवागताला वाट मिळणे कठीण जाते. आणि जेथे सर्वांनाच उशीर झालेला असतो तेथे आरंभरेषा थोडी तरी सारखी असते. साहित्यातही महाकाव्याच्या प्रांतात ज्यांना बसू दिले नाही, त्यांनी ओवी आणि आत्मचरित्र यांची शेते फुलविली, हे आपण जाणतो. वंचनेचे समर्थन करण्यासाठी आम्ही हे म्हणत नाही. वंचितांनी रिकाम्या जागेचे काय केले, तेही इतिहासात आले पाहिजे, एवढेच.

१९८९ साली अमेरिकेतील मिल्वॉकी येथे पुरुषांची व स्त्रियांची जागतिक स्पर्धा प्रथमच एका शहरात, एकाच वेळी झाली. पॅट रायन आणि हेदर ह्यूस्टन यांच्या कॅनडाच्या संघांनी दोन्ही विजेतेपदे घेतली. ही एकत्र व्यवस्था २००४ पर्यंत टिकली. मधल्या काळात ऑलिंपिकचे दार उघडले. १९९८ साली नागानो येथे कर्लिंगला पूर्ण पदकाचा दर्जा मिळाला आणि तो दोहोंना एकदम मिळाला: पुरुषांत स्वित्झर्लंड, स्त्रियांत सँड्रा श्मर्लरचा कॅनडाचा संघ. श्मर्लरही सस्कॅचेवानचीच. १९९३, १९९४ व १९९७ अशी तीन जागतिक अजिंक्यपदे तिच्या नावावर होती. २००० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, कर्करोगाने तिचे निधन झाले.

२००५ पासून दोन्ही जागतिक स्पर्धा पुन्हा वेगळ्या झाल्या. त्या वर्षी पुरुषांची स्पर्धा कॅनडातील व्हिक्टोरिया येथे झाली आणि स्त्रियांची पेझली येथे. तेच पेझली, जेथे एका नोटरीने भिक्षूचे आव्हान लॅटिनमध्ये टिपून ठेवले होते. तेथे आनेट्टे नोरबर्गच्या स्वीडिश संघाने विजेतेपद मिळविले. आता कोणी विचारील, मिळालेले एकत्रपण पुन्हा सोडले, ही पीछेहाट नव्हे काय? आम्हांला तसे वाटत नाही. १९५९ ते १९७८ या काळातले वेगळेपण म्हणजे अनुपस्थिती होती. २००५ नंतरचे वेगळेपण म्हणजे स्वतःचे शहर, स्वतःचे प्रेक्षक, स्वतःचा आठवडा. दोन्ही स्पर्धांत सारखेच संघ घेतले गेले, प्रथम बारा आणि २०१८ पासून तेरा. शिवाय २००८ पासून एक पुरुष व एक स्त्री अशा जोड्यांची निराळी जागतिक स्पर्धाही सुरू झाली. सिल्व्हाना तिरिंझोनीच्या स्विस संघाने २०१९ ते २०२३ या काळात सलग चार जागतिक अजिंक्यपदे मिळविली (२०२० साली स्पर्धाच झाली नाही), तेव्हा ती नोंद निक्लास एदिनच्या स्वीडिश संघाच्या नोंदीशेजारी मांडायला कोणाला कसला खुलासा करावा लागला नाही.

७

शब्दावर चालणाऱ्या खेळाला आजच्या काळात शब्द पुरत नाही, हे २०१५ सालच्या हंगामात दिसून आले. झाडूच्या डोक्याला एक विशिष्ट प्रकारचे खरखरीत कापड लावले तर दगडाची दिशाही हवी तशी फिरविता येते, असे लक्षात आले. खेळ हाताचा की कापडाचा, असा वाद पेटला. प्रथम आघाडीच्या अनेक संघांनी आपसांत ठरवून अशी कापडे न वापरण्याचे कबूल केले. जुनी शब्दनिष्ठा अजून शिल्लक असल्याची ती खूण होती. पण तेवढ्याने भागले नाही. मे २०१६ मध्ये कॅनडातील केम्प्टव्हिल येथे शास्त्रज्ञ व खेळाडू यांनी बर्फावर प्रत्यक्ष चाचण्या घेतल्या आणि त्यानंतर झाडूचे कापड कोणते असावे हे नियमाने ठरवून दिले गेले. १८०४ साली डडिंग्स्टनच्या मंडळाने जे केले तेच पुन्हा झाले: विश्वासाला जेथे ताण पडला तेथे नियम लिहिला गेला.

व्हेरा पेझरच्या संघाची गोष्ट येथे पुरी केली पाहिजे. १९७१ ते १९७३ ही तीन वर्षे कॅनडातील सर्वोत्कृष्ट असलेला हा संघ जागतिक यादीत कोठेही नाही. पेझर पुढे सस्कॅचेवान विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करू लागली आणि २००७ ते २०१३ या काळात त्या विद्यापीठाची कुलपती झाली. त्याआधी, २००३ साली, तिने मैदानी प्रांतांतील कर्लिंगचा सामाजिक इतिहास लिहिला. पुस्तकाचे नाव 'द स्टोन एज'. म्हणजे अश्मयुग. जिचे नाव यादीत येऊ शकले नाही तिने गावोगावच्या बर्फाचा, छपराचा आणि माणसांचा इतिहास लिहिला, आणि यादी ज्यावर उभी असते ती जमीन दाखवून दिली.

१९७१, १९७२ आणि १९७३ या सालांसमोर दुसऱ्या रकान्यात पेझरचे नाव आता लिहावे काय? नाही. जी स्पर्धा झालीच नाही तिचे विजेतेपद कोणाला देता येत नाही, आणि तसे देणे म्हणजे पोकळीवर खोटा मुलामा चढविणे होईल. स्वित्झर्लंडच्या किंवा स्वीडनच्या संघापुढे त्या चौघी हरल्याही असत्या. तो हरण्याचा हक्कसुद्धा त्यांना मिळाला नाही, हे खरे दुःख आहे. पण यादी १९७९ पासून सुरू होते तेथे ती 'का' सुरू होते हे सांगणारी एक ओळ असावी, एवढी मागणी रास्त आहे.

कर्लिंगचा दंडक आहे की चालत्या दगडाला आपला पाय लागला तर प्रतिस्पर्ध्याने बोट दाखविण्याआधी आपणच ते सांगावे. खेळाचा इतिहास लिहिणाऱ्यालाही हा दंडक लागू व्हायला हरकत नाही. आणि वाङ्मयाचा इतिहास शिकविणाऱ्यांना तर तो अधिकच लागू आहे. आपल्या यादीत कोठे दगड हलला आहे, हे आपणच आधी सांगावे.